शेक्सपिअर वाचायला कुठून सुरुवात करावी

सुरुवात ‘मॅकबेथ’ने करा. ‘हॅम्लेट’च्या सुमारे ४,००० ओळींपुढे ते साधारण निम्मेच आहे आणि कथानक सरळ धावते. मूळ मजकुराच्या समोरच्या पानावर टिपा असलेली आवृत्ती घ्या.

आधी कथासार वाचा. तेव्हाच्या प्रेक्षकांनाही बऱ्याच कथा ठाऊक असत. मग एका बैठकीत एकच अंक, मोठ्याने. ओळ संपली म्हणून थांबू नका, विरामचिन्हावर थांबा. बहुतेक जण इथेच अडखळतात, कारण वाक्य पुढच्या ओळीत चालूच असते आणि मध्येच तोडले की अर्थ निसटतो. पद्याच्या ओळीत साधारण दहा शब्दावयव (सिलॅबल) असतात, आघात एकाआड एक. लय मोडली किंवा गद्य आले तर पात्राचे मन बिघडले आहे का, ते पाहा. झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ गद्यातच बोलते.

प्रत्येक शब्दासाठी कोश उघडू नका, प्रवेश संपल्यावर टिपा पाहा.

त्यानंतर ‘ऑथेल्लो’ घ्या आणि सोबत देवलांनी केलेले त्याचे मराठी रूपांतर ‘झुंझारराव’ जरूर वाचा. ‘हॅम्लेट’कडे वळाल तेव्हा आगरकरांनी केलेले त्याचे मराठी रूपांतर ‘विकारविलसित’ (१८८३) जवळ असू द्या.