जुन्या प्राच्यविद्यावाल्यांची पत्रं शोधायचीयत? आधी पत्ता बघा, सही नंतर

प्राच्यविद्येतल्या, म्हणजे आशियातल्या भाषा-ग्रंथ-इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या, अमुक संशोधकाची पत्रं कुठे मिळतील हा प्रश्न बरेच जण विचारतात, आणि मग त्याच माणसाचं नाव गूगलमध्ये टाकून काही सापडलं नाही की गप्प बसतात. तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पत्र लिहिणाऱ्याकडे राहतच नाही, ते ज्याला पाठवलं त्याच्याकडे राहतं. ऐकायला अगदी बाळबोध वाटतं पण अर्धा शोध इथेच चुकतो. रा. गो. भांडारकरांनी युरोपातल्या पंडितांना काय लिहिलं ते बघायचंय तर पुण्यात शोधून फार हाती लागणार नाही, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवून गेलेला बुह्लर पुढे व्हिएन्नाला होता, डेक्कन कॉलेजातला कीलहॉर्न १८८१ नंतर गटिंगेनला, मॅक्सम्युलर ऑक्सफर्डला, म्हणजे शोध तिकडे. मॅक्सम्युलर तर आयुष्यात भारतात आलाच नाही, त्याचा भारताशी बराचसा संबंध पत्रांतून, आणि त्याचे कागद ऑक्सफर्डच्याच बॉडलियन लायब्ररीत आहेत.

म्हणून सुरुवात करताना कागद घ्या आणि तुमच्या माणसाने कुणाकुणाला लिहिलं असेल त्याची यादी करा. गुरू, शिष्य, भांडणं झालेले लोक (भांडणाची पत्रं सगळ्यात भारी असतात), प्रकाशक, आणि ज्या संस्थांचा तो मेंबर होता त्या संस्था. मग त्या प्रत्येकाचे कागद कुठे गेले ते शोधायचं.

उदाहरण म्हणून ब्रायन हॉजसन घेऊ. हा कंपनी सरकारचा काठमांडूचा रेसिडेंट (म्हणजे दरबारातला प्रतिनिधी), १८४३ पर्यंत नेपाळात, पाटणच्या पंडित अमृतानंदांच्या मदतीने संस्कृत बौद्ध पोथ्या जमवायचा आणि जगभर वाटायचा. कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी, लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटी, पॅरिसला सोसिएते आझियातिक. १८३७ मध्ये पॅरिसला खेप पोचली, युजेन बर्नूफ या फ्रेंच संस्कृतपंडिताने ती उघडली आणि त्यातूनच पुढे सद्धर्मपुंडरीक या बौद्ध ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर झालं. आता या सगळ्या व्यवहाराची पत्रं कुठे असतील? बर्नूफने हॉजसनला लिहिलेली हॉजसनच्या कागदांत, ऑक्सफर्डला. बर्नूफचे स्वतःचे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. हॉजसनचे बाकीचे कागद लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीत आणि रॉयल एशियाटिक सोसायटीत, आणि तो प्राणी-पक्ष्यांचाही नादिष्ट असल्यामुळे चित्रं-टिपणं झूलॉजिकल सोसायटीकडेसुद्धा. एकाच माणसाचा संसार असा चार दारी, त्यामुळे एका ठिकाणी जाऊन आलो म्हणजे झालं असं समजू नका.

आता संस्थांचं. इथे एक युक्ती फार कामाची आहे, संस्थेला आलेलं पत्र संस्थेच्या नावावर शोधण्याआधी त्या वर्षी सेक्रेटरी कोण होता ते बघा, कारण पत्रं सेक्रेटरीच्या नावाने यायची आणि रिटायर होऊन विलायतेला जाताना हे लोक बरंच काही पेटीत भरून घेऊन जायचे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचा (स्थापना १७८४, विल्यम जोन्सवाली) सेक्रेटरी बरीच वर्षं होरेस हेमन विल्सन होता, तो १८३२ ला ऑक्सफर्डच्या संस्कृतच्या प्राध्यापकपदासाठी निवडून आला आणि विलायतेला गेला, त्याचा पत्रव्यवहार आज ब्रिटिश लायब्ररीत सापडतो. त्याच्यानंतर जेम्स प्रिन्सेप. प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी वाचली हे शाळेत असतं पण ती वाचता आली कारण देशभरातून लोक त्याला नाणी, ठसे, नकला पाठवत होते. गिरनारच्या अशोकाच्या लेखाचा कापडावरचा ठसा कॅप्टन लँगने मुंबईच्या रेव्हरंड जॉन विल्सनसाठी घेतला आणि तो मुंबई सरकारच्या सेक्रेटरी वाथेनमार्फत प्रिन्सेपकडे पोचला. म्हणजे एका ठशामागे चार माणसं, आणि चौघांचे कागद वेगवेगळ्या ठिकाणी शोधायला लागणार. शिवाय इथे विल्सन दोन झाले बघा, कलकत्त्याचा होरेस आणि मुंबईचा जॉन. कॅटलॉगमध्ये नुसतं विल्सन दिसलं की लगेच उड्या मारू नका, गाव आणि साल जुळतंय का ते आधी तपासा.

दुसरी युक्ती, छापील जर्नल्स. या सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये आलेली पत्रं वाचून दाखवायचे, निदान त्यांची नोंद तरी व्हायची, आणि ती नोंद जर्नलमध्ये मीटिंगच्या वृत्तांतात छापून यायची की अमुक साहेबांचं पत्र आलं, सोबत शिलालेखाची नक्कल, सोसायटीने आभार मानले. लोक जर्नलमधले लेख वाचतात आणि हा मागचा बारीक टायपातला भाग सोडून देतात, पण हा तुमच्यासाठी फुकटचा इंडेक्स आहे. कलकत्त्याची आणि मुंबईची दोन्ही जर्नल्स इंटरनेट आर्काइव्हवर भरपूर आहेत. त्यातून तारीख आणि नाव उचलायचं आणि मग आर्काइव्हला विचारायचं. मूळ पत्र हरवलेलं असलं तरी ते आलं होतं एवढं तरी पक्कं होतं.

मुंबईबद्दल थोडं सांगतो कारण इथे नावांचा घोळ आहे. १८०४ मध्ये जेम्स मॅकिंटॉशने लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे काढली, नंतर ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची (ती १८२३ ची) मुंबई शाखा झाली, आणि आत्ताची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई तीच, टाउन हॉलवाली. त्यामुळे शोधताना तिन्ही नावं टाका. आणि हेही लक्षात ठेवा की माणकजी कर्सेटजींना १८४० मध्ये घेतलं तोपर्यंत या मुंबई शाखेत एकही भारतीय सभासद नव्हता, म्हणजे त्याआधीच्या यादीत आपली नावं नाहीत म्हणून आपली माणसं कामात नव्हती असं अजिबात नाही. ती असतात, पण "माझा पंडित", "एक शास्त्री", "ब्राह्मण कारकून" अशी. मला याचा भयंकर राग येतो पण रागवून उपयोग नाही, उपाय असा की साहेबाच्या पत्रात असा उल्लेख दिसला की त्या वर्षाचे त्याच्या ऑफिसचे खर्चाचे आणि पगाराचे कागद बघायचे, तिथे पैसे द्यायचे असल्यामुळे नाव लिहिलेलं असायची शक्यता जास्त. शिलालेखांचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींसारखे काही सुटले यातून, त्यांचं गुजराती लेखन बुह्लर इंग्रजीत करायचा आणि नाव भगवानलालांचंच छापायचा.

ऑनलाइन कुठे बघायचं ते भराभर सांगतो. ब्रिटनसाठी नॅशनल आर्काइव्हजचा डिस्कव्हरी कॅटलॉग आणि आर्काइव्हज हब, या दोन्हींत ब्रिटनभरच्या संस्थांचे कागद एकत्र शोधता येतात. जर्मनीसाठी कॅलियोपे, ते तर खास पत्रं आणि हस्तलिखितांसाठीच आहे आणि त्यात लिहिणारा कोण, घेणारा कोण असं वेगळं दिसतं, बुह्लर किंवा कीलहॉर्न टाकून बघा मजा येईल. फ्रान्सच्या विद्यापीठांसाठी कालाम. भारतात राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल, तिथे अकाउंट काढा. मुंबईच्या एशियाटिकचं ग्रंथसंजीवनी. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि बऱ्याच ऑनलाइन सेवा दीर्घकाळ बंद होत्या, त्यामुळे जुन्या लेखांतल्या त्यांच्या लिंका उघडल्या नाहीत तर घाबरू नका, शेल्फमार्क (त्या कागदाचा लायब्ररीतला नंबर) लिहून ठेवा आणि ईमेल करा.

स्पेलिंग मात्र पाच-सहा तऱ्हेने टाकायचं. पूनाचं शेवटी एच लावून आणि न लावून, भाऊ दाजींचं दाजी दोन ई लावूनही, भगवानलालमध्ये व्ही आणि डब्ल्यू दोन्ही. चिनी नावं असतील तर जुनं वेड-जाइल्स स्पेलिंग आणि नवं पिनयिन दोन्ही.

आणि कॅटलॉगमध्ये नाही म्हणजे नाहीच असं नसतं. बऱ्याच ठिकाणी एकेका पत्राची नोंद केलेलीच नसते, "किरकोळ पत्रव्यवहार, ए ते के" एवढंच लिहिलेला एक खोका असतो. काही कागद तर उशिरा बाहेर येतात, १८११ मध्ये ल्हासाला पोचलेल्या थॉमस मॅनिंगची पत्रं रॉयल एशियाटिक सोसायटीला २०१५ मध्ये मिळाली, म्हणजे दोनशे वर्षांनी. म्हणून आर्काइव्हिस्टला मेल टाकायला लाजू नका. मेलमध्ये कोण माणूस, कोणती वर्षं, कुणाशी पत्रव्यवहार, आणि तुम्ही आधी काय काय बघितलंय हे चार ओळीत लिहा. "यांच्याबद्दल असेल ते सगळं पाठवा" असं लिहिलं तर उत्तर येणार नाही, आणि आलं तर एक फॉर्म येईल.

प्रत्यक्ष गेलात तर पेन बाहेर ठेवायला लागतं, पेन्सिलच चालते. फोनने फोटो काढू देतात का ते आधीच विचारा, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी पैसे, काही ठिकाणी बिलकुल नाही. फोटो काढताना पहिला फोटो खोक्याच्या लेबलचा काढा, आणि प्रत्येक पानाची मागची बाजूसुद्धा घ्या, कोरी दिसली तरी. कारण घेणारा माणूस मागच्या बाजूला लिहून ठेवायचा की कधी मिळालं, कधी उत्तर दिलं. त्यावरून डाकेला किती दिवस लागले ते कळतं आणि हे महत्त्वाचं आहे, जहाज आफ्रिकेला वळसा घालून जायचं तेव्हा एका पत्राला चार-सहा महिने सहज लागायचे, म्हणजे मार्चमधल्या पत्राचं उत्तर एप्रिलमधलं असूच शकत नाही, ते आधीच्याच कुठल्यातरी पत्राला असणार. पत्रं तारखेने लावून संवाद म्हणून वाचलीत तर दोघं एकमेकांना भलतंच काहीतरी बोलतायत असं वाटेल. जहाज बुडेल या भीतीने एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी जायच्या, त्यामुळे त्याच मजकुराची दुसरी प्रत दिसली तर ती नवीन पत्र म्हणून मोजू नका.

वाचताना आणखी भानगडी. इंग्रजी पत्रात तारखेनंतर "अल्ट" असेल तर मागचा महिना, "इन्स्ट" असेल तर चालू महिना. ब्रिटनमध्ये १८४० च्या आधी टपालाचे पैसे कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर लागायचे म्हणून लोक पान भरलं की कागद आडवा फिरवून त्याच्यावरच पुन्हा लिहायचे, असं पान एकदा एका दिशेने सगळं वाचा, मग फिरवून दुसऱ्या. पातळ कागदावर फिकट, उलटी अक्षरं दिसली तर ती बहुतेक कॉपी-प्रेसची (पत्रावर पातळ ओला कागद दाबून घेतलेली) प्रत, जेम्स वॉटने १७८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, ती कागदाच्या दुसऱ्या बाजूने वाचायची, फोटो असेल तर आडवा उलटवून घ्यायचा. आणि अशी प्रत म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेली, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या नियमाला हा अपवाद, त्यामुळे लेटर-बुक, म्हणजे पाठवलेल्या पत्रांच्या प्रतींची वही, सापडलं तर सोन्याची खाण समजा.

जर्मन लोक आपापसांत कुरेंट नावाच्या वळणात लिहायचे, ते बघून रडू येतं. पण संस्कृत शब्द मध्येच रोमनमध्ये नाहीतर देवनागरीत येतात, तिथून सुरुवात करा, कशाबद्दल चाललंय ते कळलं की आजूबाजूचे शब्द सुटतात. ट्रान्सक्रिबससारखं हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर मदत करतं पण विशेषनामं आणि आकडे प्रत्येक वेळी स्वतः ताडून बघा, मशीन न वाचता आलेलं नाव बिनधास्त दुसरंच काहीतरी लिहून मोकळं होतं.

छापील पत्रसंग्रहाबद्दल माझं मत थोडं कडक आहे, घरच्या लोकांनी काढलेला असेल तर त्यात भांडणं, पैसे आणि आजारपण गाळलेलं असणार असं धरूनच चाला. इतिहासकार जदुनाथ सरकार आणि कामशेतच्या रियासतकार सरदेसाईंनी अनेक दशकं एकमेकांना लिहिलं, त्यातलं काही छापलेलं आहे, पण मूळ कागद कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, गंभीर काम असेल तर तिथे जायला पर्याय नाही.

शेवटी हक्कांचं, कारण हे कुणी सांगत नाही. कागद लायब्ररीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असू शकतो. आणि ब्रिटनमध्ये तर न छापलेल्या कित्येक जुन्या पत्रांना, लिहिणारा दीडशे वर्षांपूर्वी गेला असला तरी, २०३९ संपेपर्यंत कॉपीराइट आहे. वाचायला, टिपणं काढायला अडचण नाही, चार ओळी उद्धृत करणं साधारण चालतं, पण अख्खं पत्र फोटोसकट टाकायचं असेल तर आधी त्या संस्थेला लेखी विचारा आणि आलेला मेल फोटोंच्याच फोल्डरमध्ये सेव्ह करून ठेवा.