कमोडोर ६४ वर पहिला डेमो: पट्टे, सरकती ओळ आणि गाणं

बरेच जण विचारतात की हे डेमो म्हणजे नक्की काय, गेम आहे का, व्हिडिओ आहे का. दोन्ही नाही. मशीन तिथल्या तिथे हिशोब करून चित्र आणि आवाज काढतं आणि आपण नुसतं बघत बसायचं, खेळायचं काहीच नसतं. सुरुवात ऐंशीच्या दशकात युरोपात झाली, गेमचं कॉपी प्रोटेक्शन तोडणारी पोरं गेमच्या आधी आपल्या ग्रुपच्या नावाची छोटी पाटी लावायची, मग पाटी कोणाची भारी यावरच चढाओढ लागली आणि गेम राहिला बाजूला. फिनलंडने २०२० मध्ये ही सगळी कला आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतली, म्हणजे बघा कुठून कुठे.

आपण करणार आहोत कमोडोर ६४ वर. १९८२ चं घरगुती कॉम्प्युटरचं मशीन, ६४ केबी मेमरी, १६ रंग, आणि पाल मॉडेलचा (पाल आणि एनटीएससी ह्या टीव्हीच्या दोन पद्धती) प्रोसेसर एक मेगाहर्ट्झलाही थोडा कमीच. खरं मशीन नसलं तरी चालेल, माझ्याकडेही पहिली दोन वर्षं नव्हतं. व्हाइस नावाचा एम्युलेटर, म्हणजे पीसीवर ह्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, त्यातला एक्स६४एससी चालवा, तो टायमिंगला जास्त काटेकोर आहे. सेटिंगमध्ये मॉडेल पाल आहे ना ते बघून घ्या, एनटीएससी नको, का ते खाली येईलच.

निळी स्क्रीन आली की एवढं टाईप करा (अर्थात रोमन अक्षरांत, मी इथे उच्चार लिहितोय):

१० फॉर आय=० टू ५:रीड ए:पोक ४९१५२+आय,ए:नेक्स्ट
२० सिस ४९१५२
३० डेटा २३८,३२,२०८,७६,०,१९२

मग रन. कडेच्या बॉर्डरमध्ये रंगांचा नुसता धिंगाणा दिसेल. थांबवायला एस्केप दाबून धरा आणि पेज अप मारा, मूळ कीबोर्डवरच्या रन-स्टॉप आणि रिस्टोअर ह्या त्या दोन कीज. ते सहा आकडे म्हणजे दोनच सूचना आहेत: ५३२८० ह्या पत्त्यावरचा आकडा एकाने वाढव, परत पहिल्यावर जा. ५३२८० म्हणजे बॉर्डरचा रंग. पहिल्या सूचनेला ६ सायकल (प्रोसेसरचे ठोके) लागतात, दुसरीला ३, झाले ९. आणि पाल मशीनवर टीव्हीची एक रेषा काढून व्हायला ६३ सायकल लागतात, म्हणजे एका रेषेत बरोब्बर ७ वेळा रंग बदलतो! म्हणून तो धिंगाणा वाटला तरी नीट बघितलंत तर रंगाच्या सीमा एकाखाली एक ओळीत आलेल्या दिसतील, आणि मधेमधे घसरलेल्या. त्या का घसरतात हे कळलं की अर्धं काम झालं असं समजा.

टीव्हीचा किरण वरून खाली ३१२ रेषा काढतो, सेकंदाला साधारण ५० वेळा. अशा एका फेरीला फ्रेम म्हणतात. किरण आत्ता कितव्या रेषेवर आहे हे ५३२६६ वाचून कळतं (२५५ च्या पुढचा बिट ५३२६५ मध्ये असतो, शून्यापासून मोजून सातवा). डेमो करणं म्हणजे किरण अमुक ठिकाणी पोचला की तमुक आकडा बदलायचा, बस. स्क्रीन एकदा रंगवून ठेवायची सवय असते ना आपल्याला, ती सोडायची. रंग जाग्यावर नाही, वेळेवर द्यायचा.

त्यासाठी रास्टर इंटरप्ट लागतो, म्हणजे "किरण ९८ व्या रेषेवर आला की मला उठव" असा गजर. इथून पुढे असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायच्या, त्यासाठी पीसीवर किकअसेंब्लर किंवा एसीएमई कुठलाही असेंब्लर घ्या. क्रम असा: इंटरप्ट बंद करा (सेई), ५६३३३ मध्ये १२७ टाका म्हणजे मशीनचा नेहमीचा टायमर गप्प बसेल, मग तोच पत्ता एकदा वाचून टाका, ५३२७४ मध्ये १ (रेषेचा गजर चालू), ५३२६६ मध्ये ९८, ५३२६५ चा सातवा बिट शून्य, आपल्या रूटीनचा पत्ता ७८८ आणि ७८९ मध्ये, आणि इंटरप्ट परत चालू (क्लाय). रूटीनच्या आत ५३२७३ मध्ये १ लिहायला विसरू नका!! ते म्हणजे "गजर ऐकला" असं सांगणं. मी विसरलो होतो, गजर वाजतच राहिला, मुख्य प्रोग्राम जागचा हलेना आणि मी दोन संध्याकाळी भलतीकडेच चुका शोधत बसलो. रूटीन संपलं की ५९९५३ वर उडी मारा, तिथे मशीनचं नेहमीचं काम होतं. एका फ्रेममध्ये अनेक गजर लावणार असाल तर एकालाच तिकडे पाठवा, बाकीचे ६००३३ वर, नाहीतर कीबोर्ड वाचायचं काम विनाकारण पुन्हा पुन्हा होतं.

आता पट्टा. सात रंग घ्या: ९, ८, ७, १, ७, ८, ९. तपकिरी, नारिंगी, पिवळा, पांढरा आणि परत उलट. एकेका रेषेला एकेक रंग ५३२८० आणि ५३२८१ (बॉर्डरच्या आतली पार्श्वभूमी) दोन्हीत टाकत गेलं की पितळेच्या कळशीवर ऊन पडावं तसा गोलाकार पट्टा उमटतो, स्टीलचा हवा असेल तर ११, १२, १५, १ आणि उलट. सातच का, तर ह्याचं उत्तर त्या मघाच्या घसरण्यात आहे. चित्र काढणाऱ्या व्हिक चिपला दर आठव्या रेषेला अक्षरांची पुढची ओळ मेमरीतून उचलायची असते आणि तेव्हा ती प्रोसेसरला ४० ते ४३ सायकल बाजूला बसवते. ह्यालाच बॅडलाइन म्हणतात. नेहमीच्या सेटिंगला त्या ५१, ५९, ६७ अशा येतात, म्हणजे ९९ आणि १०७ पण. मधल्या १०० ते १०६ ह्या सात रेषा मोकळ्या! गजर ९८ ला, १०० ची वाट बघा, सात रंग, मग काळा. पहिल्या प्रयत्नात डावी कड थरथरेल, कारण हातातली सूचना पूर्ण झाल्याशिवाय प्रोसेसर गजर घेत नाही, तेव्हा रंग लिहायच्या आधी थोडे नॉप (काहीच न करणारी, नुसता वेळ घालवणारी सूचना) टाकून बदल उजव्या कडेच्या पलीकडे ढकला, नजरेआड गेला की झालं. पुढे ही थरथर घालवायला डबल इंटरप्ट वगैरे शिका, पण पहिल्या डेमोत नको.

पट्टा वरखाली झुलवायचा असेल तर बॅडलाइनशी गाठ पडणारच. प्रत्येक रेषेला किती थांबायचं ह्याचा वेगळा तक्ता करावा लागतो, आणि पट्टा कुठे आहे त्यावर तो सरकतो. हे चिकाटीचं काम आहे, एक रविवार जातो. आणि एनटीएससीवर रेषेला ६५ सायकल आणि रेषा २६३, म्हणजे सगळं परत मोजा. म्हणून पाल म्हटलं. आपल्याकडचे जुने डब्बा टीव्ही पालवालेच, त्यामुळे कोणाकडे माळ्यावर पडला असेल तर टाकू नका.

सरकती ओळ त्यामानाने सोपी. स्क्रीनची शेवटची ओळ म्हणजे १९८४ ते २०२३ हे पत्ते, किरण तिथे २४३ व्या रेषेला पोचतो. त्याच्या थोडं आधी दुसरा गजर लावून ५३२७० मध्ये ७ टाका, पुढच्या फ्रेमला ६, असं ० पर्यंत, म्हणजे ओळ दर वेळी एक पिक्सेल डावीकडे सरकते. मग सगळी अक्षरं एक घर डावीकडे, उजवीकडे नवीन अक्षर, आणि परत ७. ८ पेक्षा लहान आकडा असला की स्क्रीन आपोआप ३८ कॉलमची होते आणि कडेला अक्षर येता-जाताना दिसत नाही, ते आपल्याला हवंच आहे. वरच्या भागासाठी ८ परत टाकायचं, नाहीतर अख्खी स्क्रीन डुगडुगेल. आणि अक्षरं हलवायचं काम किरण ती ओळ काढून खाली गेल्यावरच करा, मधेच केलंत तर ओळ फाटते.

मला ही ओळ मराठीत हवी होती. अक्षराचं घर ८ बाय ८ पिक्सेलचं, वेलांटी आणि उकार एका घरात बसवायचा नादच सोडा. दोन ओळी वापरा: वरच्या घरात वेलांटी-मात्रा, शिरोरेषा आणि अक्षराचा वरचा भाग, खालच्यात उरलेलं अक्षर आणि उकार. शिरोरेषा म्हणजे २५५ चा एक बाइट, आठही पिक्सेल पेटलेले, आणि शेजारची घरं एकमेकांना चिकटूनच असतात त्यामुळे रेषा आपोआप अखंड जुळते. रोमन अक्षरांना मधे फट ठेवावी लागते, आपल्याला ती भानगडच नाही. क ला दोन घरं रुंदी द्या, र ला एक पुरतं. असा फॉण्ट ८१९२ वर ठेवून ५३२७२ मध्ये २४ टाकलं की चालू.

गाणं बनवायला गोटट्रॅकर नावाचा प्रोग्राम. मशीनच्या आवाजाच्या सिड चिपमध्ये आवाज तीनच, त्यातला एक ढोलाला, एक बेसला, मग कॉर्ड कशी वाजवणार? एकाच आवाजात तिन्ही सूर दर फ्रेमला बदलत राहायचे, सेकंदाला ५० वेळा, कानाला ती थरथरती कॉर्ड वाटते. ह्या मशीनचा तो खास आवाज हाच. गाणं ४०९६ ला ठेवा: सुरुवातीला प्रोसेसरच्या ए रजिस्टरमध्ये ० घालून ४०९६ ला एकदा कॉल, मग दर फ्रेमला ४०९९. तिथेच का, तर ४०९६ ते ८१९१ ह्या पट्ट्यात व्हिकला रॅमऐवजी अक्षरांची रॉमच दिसते (नेहमीच्या बँकेत, म्हणजे व्हिकला दिसणाऱ्या मेमरीच्या नेहमीच्या भागात), चित्रासाठी ती जागा फुकटच जाते. गाणं किती वेळ खातंय ते बघायला कॉलच्या आधी बॉर्डर पांढरी करा आणि नंतर काळी, पांढरा पट्टा जेवढा जाड तेवढ्या रेषा गेल्या. माझ्या पहिल्या गाण्याला २८ लागल्या आणि ते पट्ट्याच्या मधे येत होतं, म्हणून २५० च्या खाली हलवलं.

शेवटी एक्झोमायझरने फाइल दाबून घ्या आणि सीएसडीबीवर, म्हणजे कमोडोर ६४ च्या डेमोंचा संग्रह असलेल्या साइटवर चढवा. लाज वाटून घेऊ नका, तिथे कोणाचा ना कोणाचा पहिला डेमो येत असतो. मोठ्या लोकांचं बघायचं असेल तर बूझ डिझाइन ह्या ग्रुपचा २००८ चा 'एज ऑफ डिसग्रेस' लावा, पण आपला पूर्ण झाल्यावर, आधी बघितलात तर हात गळतील. आणि सरकत्या ओळीत ज्यांच्याकडून शिकलात त्यांना नमस्कार घालायची पद्धत आहे, ग्रीट्स म्हणतात. मी त्यात आईचं नाव घातलं होतं. तिने चष्मा लावून ओळ तीनदा फिरेपर्यंत बघितली आणि म्हणाली, माझ्या नावातली वेलांटी पहिली आहे, दुसरी हवी.