मावशीची वही नेटवर चढवायला जाताना

मावशीचा फोन आला, ‘अगं, रविवारी येतेयस तर मला ते ब्लॉगचं लावून दे.’ नवी शेगडी लावून द्यावी तसं. काकांना मी दोन वर्षांपूर्वी असंच लावून दिलं होतं, माझ्याच ईमेलवरून, दहा मिनिटांत. पुढे व्हायचं तेच झालं. काका कऱ्हाडला, ओटीपी पुण्यात माझ्या फोनवर आणि मी मीटिंगमध्ये. तीन लेखांनंतर त्यांनी नाद सोडला. त्यामुळे या खेपेला एकच ठरवलंय: सगळं मावशीच्या नावावर, तिच्या नंबरवर आणि तिच्याच हातून. बाकीची तयारी या एका गोष्टीपायी.

निघण्याआधी फोनवर विचारायचं, ‘तुझं गूगलचं खातं कोणी उघडलं?’ उत्तर बहुतेक ‘मोबाइलच्या दुकानातल्या मुलाने’ असंच येणार. म्हणजे पासवर्ड कोणालाच माहीत नाही. तो भेटल्यावर बदलायचा आणि रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला, तिचा स्वतःचा नंबर द्यायचा, परदेशातल्या दादाचा नाही. दुहेरी पडताळणी चालू केली की फोन हाताशी नसताना वापरायला गूगल आठ अंकी दहा बॅकअप कोड देतं. ते तिने तिच्या अक्षरात कागदावर उतरवायचे आणि कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायचे. त्या पिशवीतलं काही हरवल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

जागा कोणती, यावर फार डोकं खपवायचं नाही. वर्डप्रेसचं फुकट खातं चांगलं आहे, पण त्यावर त्यांच्या जाहिराती दिसतात आणि मेनूही पसाऱ्याचा. ब्लॉगर ही ब्लॉगची साइट १९९९ पासून आहे, २००३ पासून गूगलकडे; आहे त्याच खात्यावर चालतं. ब्लॉगच्या पत्त्यासाठी मात्र रोमन अक्षरांतली तीन-चार नावं आधीच ठरवून ठेवायला सांगितलंय. पहिलं नाव कोणीतरी घेतलेलंच असतं.

खरा वेळ जाणार मराठी टायपिंगमध्ये. जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, मराठी घालून तिन्ही रस्ते दाखवायचे: देवनागरी कळा, रोमनमधून मराठी आणि बोटाने लिहिणं. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तिचं फळ्यावरचं अक्षर अजून लोकांच्या लक्षात आहे. माझा अंदाज, ती बोटानेच लिहील. पण परीक्षा आहे ती अर्ध्या र ची. तिचा पहिला लेख कोयनेच्या भूकंपावर आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ती तेव्हा आठ वर्षांची, पाटण तालुक्यात. आता कोयनेकाठच्या ‘दऱ्या’ लिहायला जावं आणि ‘दर्या’ उमटावा, म्हणजे सह्याद्रीत समुद्रच आला! गावाचं नावही कऱ्हाड. साधा र घेऊन हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) दिला की तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. त्यासाठी नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ लागतो. तो कुठली कळ दाबून धरल्यावर मिळतो, हे तिच्यासारख्याच फोनवर आधी शोधून ठेवायचं. तिथे बसून मीच चाचपडायला लागले तर बाईंसमोर माझीच प्रगती दिसायची. ‘ळ’, ‘ज्ञ’ आणि ‘ॲ’सुद्धा एकदा काढून बघायचे.

निरोपसमारंभाच्या स्मरणिकेतला तिचा लेख डीटीपीवाल्याकडून फाइलमध्ये मिळालाय. तो जुन्या फॉन्टात आहे, चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसेल असं मराठी, करून पेनड्राइव्हवर नेते.

सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. पहिली टाइम झोन. काकांच्या वेळी तिथे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ होती आणि सकाळी आठला टाकलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख पडत होती. भूकंपाच्या लेखावर १० डिसेंबर दिसलं तर मावशी मला जेवायला वाढणार नाही. म्हणून कोलकाता निवडायचं, भारताची वेळ यादीत त्याच नावाने असते. दुसरी, लेखाची लिंक. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर त्यातलं काहीच पत्त्यात घेत नाही, नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा लावतं. म्हणून प्रकाशित करण्याआधीच रोमनमध्ये छोटी लिंक स्वतः द्यायची. प्रतिक्रिया आधी तिच्याकडे मंजुरीला येतील असं ठेवायचं. नातवंडांचे शाळेच्या गणवेशातले फोटो नकोत, हे फोनवर सांगून झालंय. आमचं त्यावर थोडं वाजलंही.

एक अवघड विषय आहे. तिला दर सोमवारी आवडती कविता टाकायचीय. आपल्याकडे कवी गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची अख्खी कविता खुशाल टाकावी. कुसुमाग्रज १९९९ मध्ये, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगीशिवाय नाही. ‘पण मी ती चाळीस वर्षं शिकवलीय’ हे उत्तर येणार. त्यावर, शिकवतानाच्या आठवणी लिही आणि कवितेची एखादी ओळ घे, एवढंच म्हणायचं.

पिशवीत चार्जर, कोरी वही, पेन. तिचा चष्मा जवळच्या नंबरचा आहे ना, ते विचारायचं. फोनची अक्षरं मोठी करायची. फोन तिच्या हातातून घ्यायचा नाही, कितीही वेळ लागला तरी. मला हे जमत नाही, म्हणून हातात निवडायला मेथीची जुडी घेऊन बसणार आहे. पहिल्या दिवशी चार ओळी टाकल्या तरी पुरे. त्यांची लिंक घरच्या ग्रुपवर तिनेच पाठवायची. धाकट्या मावशीला सांगून ठेवलंय की नुसता अंगठा दाखवू नकोस, दोन वाक्यं लिही.

शेवटी सेटिंग्जमधून बॅकअपची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायची. आणि निघताना माझ्या लॅपटॉपवरून तिचं खातं साइन आउट करायचं, तिच्या डोळ्यांदेखत.