ऑफर लेटर आलं, जॉइनिंग आलं नाही

कॅम्पसमधून सिलेक्शन झालंय, मेल आलाय, घरी सगळ्यांना सांगून झालंय आणि जॉइनिंगची तारीख मात्र येत नाही. अशा अवस्थेत अडकलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. रेझ्युमे कसा लिहावा, ॲप्टिट्यूडचा सराव कुठे करावा हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात मी शिरत नाही.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची, २०२२ ची बॅच. आम्ही शेवटच्या वर्षात होतो तेव्हा आयटी कंपन्या फ्रेशर्सची भरती धडाक्यात करत होत्या. आम्ही पास होईपर्यंत चित्र पालटलं. पुढे २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची कर्मचारीसंख्या आधीच्या वर्षापेक्षा घटली. कामच कमी झालं की ज्यांचं नाव अजून हजेरीपटावर चढलेलं नाही, त्यांनाच सगळ्यात आधी थांबवलं जातं. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा २०२२ साली ऑफर मिळालेली मुलं दोन दोन वर्षं ताटकळत होती. तुम्ही कुठे कमी पडलात म्हणून हे झालेलं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. रात्री झोप लागत नाही तेव्हा तेच आधी विसरायला होतं.

आता जिथे माझं जवळजवळ वर्ष गेलं, ती गोष्ट. ती जरा लांबवून सांगणार आहे.

कंपनीकडून येणारी सगळी पत्रं सारखी नसतात. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे ‘तुम्हाला घ्यायचा आमचा विचार आहे’, एवढंच. ऑफर लेटरमध्ये पद, पगार आणि अटी येतात. अपॉइंटमेंट लेटर बहुतेक ठिकाणी तुम्ही रुजू झाल्यावर हातात पडतं. आपण मात्र पहिलं पत्र आलं की नोकरी लागली असं धरून चालतो. माझ्या पत्राला पगाराचा दोन पानी तक्ता जोडलेला होता. बेसिक, एचआरए, पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, सगळं रुपया न् रुपया मांडलेलं. आमच्या ग्रुपवर आठवडाभर चर्चा त्या तक्त्याचीच, हातात किती पडणार याची. पहिल्या पानावर तळाशी एक ओळ होती: जॉइनिंगची तारीख व ठिकाण व्यवसायाच्या गरजेनुसार कळवले जाईल. त्या ओळीवर कोणीच बोललं नाही. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती. त्या ओळीमुळे कंपनीवर तारखेचं कसलंच बंधन राहत नाही. तुम्ही मात्र बांधलेले.

बांधलेले कसे, तर तीन बाजूंनी. बऱ्याच कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ असा नियम असतो. नाव एकदा ‘प्लेस्ड’ यादीत गेलं की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. दुसरं, ऑफ-कॅम्पस ड्राइव्हच्या, म्हणजे कॉलेजबाहेर होणाऱ्या भरतीच्या जाहिरातीत पासआउटचं वर्ष लिहिलेलं असतं. तुम्ही वाट बघत बसता आणि तोवर तुमचं वर्ष त्या जाहिरातींतून गळतं. मी एका लहान कंपनीत फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी नाव विचारायच्या आधी विचारलं, ‘पासआउट कधीच्या?’ २०२२ म्हटल्यावर म्हणाल्या, ‘आम्ही यंदाचीच बॅच घेतोय.’ अर्ध्या मिनिटात फोन संपला.

तिसरी बाजू मला सगळ्यात घातक वाटते. कंपनी तुम्हाला रिकामं बसू देत नाही. पोर्टलवर लॉगिन देते, कागदपत्रं अपलोड करायला लावते, जावा किंवा पायथनचे कोर्स देते, मधूनच एखादी परीक्षा घेते. आपण रोज लॅपटॉप उघडून बसतो, त्यामुळे आपण कामावर आहोत असंच वाटायला लागतं. घरच्यांनाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात पगार नाही, विद्यावेतन नाही, अनुभवाचा कागद नाही. उलट त्या परीक्षेत कट-ऑफ असेल तर ऑफर रद्द व्हायची भीती आणखी वर. ते कोर्स करा, शिकायला मिळतं ते सोडू नका. पण दिवसाचे पहिले दोन तास दुसरीकडे अर्ज करण्यात गेलेच पाहिजेत. जॉइनिंग होऊन पहिला पगार खात्यात जमा होईपर्यंत तुम्ही नोकरी शोधणारेच आहात.

टीपीओ सरांना, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, तोंडी सांगून काही होत नाही, लेखी द्या. तारीख आलेली नाही, म्हणून मला पुन्हा प्लेसमेंटला बसू द्यावं, असा साधा अर्ज. एकट्याने देऊ नका, त्याच कंपनीत निवड झालेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, पंधरा सह्यांच्या अर्जावर कॉलेजला बैठक घ्यावी लागते. एचआरला महिन्यातून एकच मेल करा आणि त्यात नेमकं विचारा: या तिमाहीत माझं जॉइनिंग आहे का? पत्राची मुदत संपली असेल तर ती वाढवून मिळेल का? गोलमोल उत्तर आलं, तर तेच उत्तर समजा.

ऑफर हातात असताना दुसरीकडे रुजू होणं म्हणजे बेइमानी, असं मला एका नातेवाइकांनी ऐकवलं होतं. मला ते अजिबात पटत नाही. मात्र तुम्ही सर्व्हिस ॲग्रीमेंटवर, म्हणजे बॉन्डवर, सही केली असेल तर तो शांतपणे वाचा आणि त्याची मुदत कधीपासून मोजतात ते बघा. ‘बॉन्ड कोर्टात टिकत नाही’ हे सरसकट सांगणाऱ्यांवर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि निकालात त्या गोष्टीला वजन होतं, त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीचा बॉन्ड तसाच टिकेल असं नाही. पण वाचल्याशिवाय सही नको.

मधल्या काळात काय करावं? माझं मत ठाम आहे: ॲप्रेंटिसशिप. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी एनएटीएस या सरकारी ॲप्रेंटिस योजनेचं पोर्टल आहे, नोंदणीला पैसे लागत नाहीत. किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतं, म्हणून लहान कंपन्याही माणसं घ्यायला तयार होतात. पैसे थोडे मिळतात, हे खरं आहे. संपल्यावर कंपनीने कायम करायलाच हवं असंही नाही. पण शेवटी सरकारी शिक्क्याचं प्राविण्य प्रमाणपत्र मिळतं आणि खऱ्या कामाला हात लागतो. एक मात्र बघा: आधीच वर्षभराचा अनुभव गाठीला असेल तर यात घेत नाहीत. त्यामुळे क्रम चुकवू नका.

ॲप्रेंटिसऐवजी साधी नोकरी धरलीत, तर पीएफकडे लक्ष ठेवा. पीएफ कापला गेला की यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, तयार होतो आणि त्यावर तुम्ही कुठे, कधी लागलात, कधी सोडलंत हे सगळं नोंदलं जातं. सोडताना रिलीव्हिंग लेटर घ्या. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही, तर दोन महिन्यांनंतर ती ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पोर्टलवर स्वतः भरता येते. हे केलं नाही आणि मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं, तर पडताळणीत तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला दिसता. चार महिन्यांची किरकोळ नोकरी लपवायचा मोह होईल. लपवू नका. नोकरी केली म्हणून कोणी नाकारत नाही, लपवली म्हणून नाकारतात.

याच कारणासाठी खोट्या अनुभवपत्राच्या वाटेला जाऊ नका. ‘दोन वर्षांचा एक्स्पीरियन्स दाखवून देतो, पहिल्या पगारातून पैसे द्या’ म्हणणारे भेटतात, आणि आपण थकलेले असतो तेव्हाच नेमके भेटतात. ‘बॅकडोअर एंट्री’साठी डिपॉझिट मागणारेही त्याच जातीचे. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

मेंटॉरबद्दलही बोलते. पैसे घेऊन रेझ्युमे तपासणारे आणि ‘माइंडसेट’वर बोलणारे मला मुळीच आवडत नाहीत. पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसं मनाने कितीही चांगली असली, तरी त्यांना नोकरी लागली तो काळ वेगळा होता. तुमच्या दोन वर्षं पुढच्या ताईला किंवा दादाला गाठा. त्यांच्या कंपनीत सध्या कुठल्या टीममध्ये माणसं घेताहेत, पहिल्या फेरीत काय विचारतात, हे त्यांनाच माहीत असतं. मला ज्या ताईने मदत केली तिने धीराचा एक शब्दही सांगितला नाही. तिने माझा गिटहब, म्हणजे आपला कोड लोकांना दिसेल असा ठेवायचं ऑनलाइन खातं, उघडला, तीन प्रोजेक्ट काढायला लावले आणि एकच ठेवला, जो मी खरोखर लिहिला होता.

राहिला गॅपचा प्रश्न. तो विचारतातच, आणि त्याला घाबरायचं काहीच कारण नाही. या काही वर्षांत असे इतके उमेदवार समोर आलेत की मुलाखत घेणाऱ्यांना हे नवीन नाही. ऑफर होती, जॉइनिंग लांबलं, त्या काळात हे काम केलं, इतकं तीन वाक्यांत सांगा आणि पत्राची पीडीएफ सोबत ठेवा. कंपनीबद्दल कडवट बोलू नका, मनात कितीही असलं तरी. तिसरं वाक्य मोकळं राहू नये यासाठीच आधीची सगळी धडपड असते. माझ्या मुलाखतीत गॅपवर एक मिनिटही गेलं नाही. ॲप्रेंटिस असताना मी बिलिंगच्या मॉड्यूलमध्ये एकाच बिलाची दोनदा नोंद होण्याची चूक शोधून दुरुस्त केली होती. ती कशी सापडली, क्वेरी काय लिहिली, टेस्टिंग कसं केलं, बाकीचा सगळा वेळ त्यांनी तेच विचारलं.