डोक्यावरची न जाणारी गाठ : उपचार आणि दुसरे मत कसे घ्यावे

केसांत दडलेली गाठ बहुधा कंगव्याला किंवा न्हाव्याच्या बोटांना लागते आणि दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षे तशीच राहते. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. मार लागून आलेले टेंगूळ किंवा केसतोड साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत बसते. त्यापुढेही टिकलेली गाठ मात्र डॉक्टरांना दाखवावी आणि ती काढण्याचा आग्रह धरण्याआधी तिचे निदान काय, हे विचारावे. निदान ठरलेले नसताना गाठीला चीर देणे किंवा काढलेली गाठ न तपासता टाकून देणे, या दोन्ही गोष्टी रुग्णाने होऊ देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रौढांमध्ये सर्वांत नेहमीची गाठ म्हणजे ज्याला आपण आवाळू म्हणतो ती पायलर सिस्ट होय. ती गुळगुळीत, घट्ट आणि बोटाखाली किंचित सरकणारी असते, स्त्रियांमध्ये अधिक आढळते आणि अनेकदा आई-वडिलांपैकी कोणाला तरी झालेली असते. तिच्या आत केराटिन नावाचे प्रथिन साचलेले असते आणि भोवती स्वतःचे आवरण असते. चरबीची गाठ मऊ लागते. हाडाची वाढ दगडासारखी टणक असते आणि हलत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर लागणाऱ्या लहान गाठी पुष्कळदा लसिकाग्रंथी, म्हणजे संसर्गाशी लढताना सुजणाऱ्या ग्रंथी, असतात आणि त्यांचे मूळ उवा किंवा त्वचेच्या संसर्गात असते. अशा वेळी गाठीवर नव्हे, तर मूळ कारणावर उपचार करावे लागतात.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. शाळकरी मुलाच्या डोक्यावर मऊ, पू झिरपणारी सूज आली आणि तिच्यावरचे केस गळू लागले, तर ते गळू समजून कापले जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात तो बुरशीचा तीव्र संसर्ग, म्हणजे केरिऑन, असू शकतो. त्याला काही आठवडे तोंडावाटे बुरशीविरोधी औषध द्यावे लागते, नुसते मलम पुरत नाही आणि उपचार लांबले तर त्या जागी कायमचे टक्कल पडू शकते. म्हणून कोणी चीर द्यायला सुचवले, तर आधी केसांची आणि खपलीची बुरशीसाठी तपासणी करावी, असे पालकांनी सांगावे. जन्मापासून असलेली, विशेषतः डोक्याच्या मध्यरेषेवरची गाठ कवटीच्या आत जोडलेली असू शकते. अशा गाठीला स्कॅन झाल्याशिवाय सुईही लावू नये. बोटाखाली ठोके जाणवणाऱ्या कोणत्याही वयातील गाठीलाही हेच लागू आहे, कारण ती रक्तवाहिनीची असू शकते.

काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी, रक्त येणारी, न भरणारी जखम झालेली किंवा खालच्या हाडाला चिकटलेली गाठ लगेच दाखवावी. टक्कल पडलेल्या आणि उन्हात काम केलेल्या वयस्क व्यक्तींनी, तसेच ज्यांना पूर्वी स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा कर्करोग झाला आहे त्यांनी अजिबात वाट पाहू नये आणि तो इतिहास स्वतःहून सांगावा. ताप, पसरणारी लाली, पापण्यांवर सूज, तीव्र डोकेदुखी किंवा उलट्या होत असतील, तर त्याच दिवशी अपघात विभागात जावे.

पहिल्या भेटीसाठी त्वचारोगतज्ज्ञ योग्य ठरतात; गाठ काढायचीच असेल, तर जनरल सर्जनकडे जावे. सलून किंवा सौंदर्योपचार केंद्रात ती कापून घेऊ नये. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते. जाण्याआधी केस बाजूला करून, शेजारी पट्टी धरून गाठीचा फोटो काढावा आणि त्यावर तारीख घालावी, म्हणजे वाढ होते आहे की नाही हे पुढे अंदाजाने सांगावे लागत नाही. सारखी गळवे येत असतील, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती सांगावी, पण स्वतःहून बंद करू नये. बिब्बा किंवा चुना लावण्याचा सल्ला घरातली वडीलधारी माणसे मायेपोटी देतात. परंतु त्याने त्वचा भाजते, आवाळू तसेच राहते आणि डॉक्टरांना मूळ गाठीऐवजी जखम तपासावी लागते. गाठ दाबून फोडणेही टाळावे.

साधे आवाळू त्रास देत नसेल, तर न काढताही चालते. काढायचे ठरल्यास जागा बधिर करून शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. नुसती चीर देऊन आतला भाग काढला आणि आवरण राहिले, तर गाठ पुन्हा येऊ शकते. त्यामुळे ‘आवरणासकट काढणार ना?’ हा प्रश्न आधीच विचारावा. गाठ लाल होऊन पिकली असेल, तर बहुधा आधी संसर्ग शमवतात आणि नंतर ती काढतात. काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवून हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या, तपासणीला पाठवणार का, हेही विचारावे आणि त्याचा खर्च आधीच समजून घ्यावा.

निदानाचे नाव न सांगता शस्त्रक्रिया सुचवली गेली, उपचार करूनही गाठ परत आली, मोठी शस्त्रक्रिया सांगितली किंवा अहवालात कर्करोगाचा संशय आला, तर दुसरे मत जरूर घ्यावे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हा हक्क नोंदलेला आहे. शिवाय डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारनियमांनुसार, रुग्णाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रे 72 तासांच्या आत द्यायची असतात. ‘डॉक्टर, निर्णय घेण्याआधी आणखी एका तज्ज्ञांना दाखवतो, मला कागद द्या’ एवढे नम्रपणे सांगितले, तर कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

दुसरे डॉक्टर शक्यतो वेगळ्या रुग्णालयातील असावेत. त्यांना प्रथम तक्रार सांगून तपासू द्यावे आणि मगच पहिले मत दाखवावे, पण ते लपवू मात्र नये. गाठ आधीच काढलेली असेल, तर नुसता अहवाल नेऊन भागत नाही. प्रयोगशाळेत जपलेले मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि त्यांच्या काचपट्ट्या मागून घ्याव्यात, कारण दुसरा पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे नमुने तपासणारा डॉक्टर, तोच नमुना पुन्हा पाहू शकतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरचे ब्लॉक असे तपासले जातात. दोन मते जुळली नाहीत, तर प्रत्येकाला कारण विचारावे. ‘थांबा’ आणि ‘काढा’ ही दोन्ही मते साध्या आवाळूच्या बाबतीत बरोबर असू शकतात. निदानच वेगळे सांगितले जात असेल, तर मात्र बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीनेच, निकाल लावावा.

डोक्यावरचे टाके साधारणपणे 7 ते 10 दिवसांनी काढतात. त्या भेटीत हिस्टोपॅथॉलॉजीचा लेखी अहवाल मागावा, त्यातील निदान डॉक्टरांकडून समजावून घ्यावे आणि पुढे तपासणीची गरज आहे का, हे केसपेपरवर लिहून घ्यावे. अहवाल आला नसेल, तर प्रयोगशाळेचे नाव आणि नमुन्याचा क्रमांक घेऊनच घरी जावे.