‘टू बी’नंतरचा ‘अ’ गाळू नका

‘मला डॉक्टर व्हायचंय’ या वाक्यात ‘डॉक्टर’च्या आधी काहीच लागत नाही. म्हणूनच आपल्याकडची हुशार मुलंही मुलाखतीत ‘आय वॉन्ट टू बी डॉक्टर’ म्हणून जातात. इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम सहसा एकटं उभं राहत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’ असं काहीतरी हवंच: ‘आय वॉन्ट टू बी अ डॉक्टर’. ‘टू बिकम’लाही हेच लागू.

अनेकवचन आलं की हा ‘अ’ जातो: ‘दे वॉन्ट टू बी डॉक्टर्स’. नुसतं विशेषण असेल तरी तो नको, ‘टू बी हॅपी’ पुरेसं आहे. पण त्यापुढे एकवचनी नाम आलं की तो परततो: ‘टू बी अ हॅपी पर्सन’.

‘अ’ की ‘ॲन’ हे स्पेलिंग पाहून नव्हे, उच्चार ऐकून ठरवा. ‘ॲन इंजिनिअर’ सोपं आहे, पण ‘ॲन एमएलए’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी टीचर’ इथे भलेभले अडखळतात.

‘माय’ असेल तिथे ‘अ’ घुसवू नका. ‘शी सीम्स टू बी अ माय फ्रेंड’ चूक. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हणा.

एक सवलतही आहे. एका वेळी एकाच व्यक्तीकडे असणारं पद असेल तर नाम एकटं चालतं: ‘शी वॉन्ट्स टू बी कॅप्टन’. शिक्षकांनी हा अपवाद मात्र मूळ नियम मुलांच्या तोंडात बसल्यावरच सांगावा, आधी सांगितला तर सगळा गोंधळ होतो.