डिजिटल स्पीकर घरी बसवताना: आधी जागा, मग ॲप

उत्तम दर्जाच्या डिजिटल स्पीकरमध्ये डिजिटल सिग्नल ॲनालॉगमध्ये बदलणारा डीएसी, प्रत्येक ड्रायव्हरसाठी (आवाज काढणाऱ्या पडद्यासाठी) स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणि क्रॉसओव्हरचे, म्हणजे खालचे-वरचे स्वर त्या त्या ड्रायव्हरकडे वाटून देण्याचे, काम करणारा डीएसपी (सिग्नलवर प्रक्रिया करणारी चिप) हे सारे एकाच पेटीत असते. त्यामुळे जोडीला साजेसा ॲम्प्लिफायर शोधण्याची कटकट संपते. खोलीची कटकट मात्र तशीच राहते. खोके उघडताच ॲपमधल्या इक्वलायझरशी (वेगवेगळ्या स्वरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीशी) खेळण्याचा मोह होतो, तो निदान एक दिवस आवरावा.

दोन्ही स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा ड्रायव्हर) कानाच्या उंचीवर यावा. कानापासून प्रत्येक ट्वीटरपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. ध्वनी 1 मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणून एक स्पीकर थोडा जरी जवळ असला तरी मधोमध ऐकू यायला हवा तो गायकाचा आवाज त्या बाजूला सरकतो. दारामुळे किंवा कपाटामुळे अंतरे सारखी ठेवणे अशक्यच असेल, तर जवळच्या स्पीकरला डीएसपीमधून तेवढा विलंब द्यावा आणि त्याची पातळीही जुळवून घ्यावी.

खरी मेख स्पीकरच्या मागच्या भिंतीत असते. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून 1 मीटरवर असेल, तर भिंतीवर आपटून परत येणारी लहर 2 मीटर जास्त चालते आणि 86 हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला खोडून काढते. तिथे आवाजात पडलेला हा खड्डा भरण्यासाठी इक्वलायझरने आवाज वाढवला, तर परतणारी लहरही तितकीच वाढते, आणि खड्डा जागच्या जागी राहून ॲम्प्लिफायरवर मात्र ताण येतो; 10 डेसिबल वाढ म्हणजे दहापट शक्ती. त्यापेक्षा स्पीकर भिंतीच्या बराच जवळ न्यावा, म्हणजे खड्डा वरच्या वारंवारतेकडे सरकून सौम्य होतो, आणि भिंतीमुळे फुगलेला बास कमी करणारी भिंतीलगतची सेटिंग निवडावी. ही सोय अशा बहुतेक स्पीकरमध्ये असते आणि बहुतेक लोक ती कधी उघडूनही पाहत नाहीत.

जोडणी सोपी आहे. अनेक मॉडेलमध्ये डिजिटल केबल एका स्पीकरमध्ये येते आणि तिथून दुसऱ्यात जाते. दोघांनाही तोच सिग्नल मिळत असल्याने डावा कोण आणि उजवा कोण हे प्रत्येकाला सांगावे लागते. काही उपकरणांच्या डिजिटल आउटपुटवर आवाज कमी-जास्त करता येत नाही, म्हणून पहिल्यांदा गाणे लावण्यापूर्वी स्पीकरचा आवाज अगदी खाली आणावा.

आता मोजमाप. कॅलिब्रेशन फाइलसह (मायक्रोफोनच्या स्वतःच्या चुका भरून काढणाऱ्या) येणारा यूएसबी मापन-मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. पंखा बंद करून 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणी-स्वर) डोक्याच्या जागेभोवती सहा-सात ठिकाणी घ्यावा आणि सरासरी काढावी. समजा खोली 4 मीटर लांब आहे. तिची पहिली अनुनाद-वारंवारता (जिच्यावर खोली स्वतःच घुमते) सुमारे 43 हर्ट्झ येते. आपल्या मागच्या भिंतीला टेकून बसल्यास आलेखात तिथे उंचवटा दिसतो, आणि नेमके मध्यावर बसल्यास तोच स्वर जवळजवळ गायब होतो, म्हणून खुर्ची या दोन्ही जागा टाळून ठेवावी. उरलेला उंचवटा 8 डेसिबलचा असेल, तर 43 हर्ट्झवर एक अरुंद फिल्टर लावून 5-6 डेसिबल कमी करावेत आणि पुन्हा मोजावे. उंचवटे कापावेत, अरुंद खड्डे सोडून द्यावेत. साधारण 300 हर्ट्झच्या वर माझा हात आखडता असतो, कारण तिथे मायक्रोफोन थोडा हलला तरी आलेख बदलतो. आलेख सपाट करण्याचा हट्टही नको. बसल्या जागी तो वरच्या स्वरांकडे हळूहळू उतरत गेला नाही, तर आवाज कर्कश वाटतो.

टीव्हीसाठी वेगळा प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) ठेवावा. लिनिअर-फेज फिल्टरला (सगळ्या स्वरांना सारखाच विलंब देणाऱ्या) सिग्नल काही काळ अडवून धरावा लागतो, त्यामुळे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तिथे कमी विलंबाचा पर्याय निवडावा. प्रीसेटची तुलना करताना त्यांची पातळी आधी सारखी करावी, नाहीतर जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. आणि फर्मवेअर अद्ययावत करण्यापूर्वी सगळे फिल्टर कागदावर उतरवून ठेवावेत.